सर्व्हरचा सांगता समारंभ

एडविन भिंगारदिवेने सकाळी सफाईचा प्रोग्राम लावला, चहा प्यायला गेला आणि परत आला तर स्क्रीनवर उत्तर तयार होतं : काढण्यायोग्य नोंदी, शून्य.

कारखान्याच्या सर्व्हरमध्ये इतका कचरा साठला होता की त्याचं खत केलं असतं तर सगळ्या सभासदांच्या उसाला पुरून उरलं असतं. शून्य येणं शक्यच नव्हतं. त्याने प्रोग्राम पुन्हा लावला, पुन्हा चहा प्यायला, पुन्हा शून्य. तिसरा चहा तो प्यायला नाही. चूक चहात नसावी, हे तोवर त्याच्या लक्षात आलं होतं.

कोपरगाव तालुक्यातला, गोदावरीच्या अलीकडचा हा साखर कारखाना सात वर्षांपूर्वी कागदमुक्त झाला होता. कागदमुक्त म्हणजे काय, तर कुठलंही काम निघालं की त्याचं सिस्टीममध्ये एक प्रकरण उघडायचं. ऊसतोड टोळीचा करार हे प्रकरण, वजनकाट्याची दुरुस्ती हे प्रकरण, कुणाची रजा हे प्रकरण आणि संचालकांच्या बैठकीला भेळ आणायची असली तर तेही प्रकरण. ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत जायचं आणि शेवटच्या टेबलावरच्या माणसाने 'बंद' नावाचं बटण दाबलं की मिटायचं. अशी मिटलेली जुनी प्रकरणं उचलायची, डिस्कवर जपून ठेवायची आणि सर्व्हरवरची जागा मोकळी करायची. एडविनकडे एवढंच काम उरलं होतं.

एवढं झालं की तो सुटणार होता. पुण्याच्या एका कंपनीत त्याला मोठ्या हुद्द्याची नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं आणि जाताना जुन्या मालकाचं कार्यमुक्तीचं पत्र न्यायचं होतं. ते पत्र देणार होते आस्थापना अधिकारी वाल्मिक आण्णा तुपे. आण्णांनी अट सरळ घातली होती.

"शुक्रवारी गव्हाणीत मोळी पडायची हाय. हंगाम सुरू हुयाच्या आत सर्व्हर मोकळा कर. त्याच दिवशी तुला मोकळा करतो."

सर्व्हर मोकळा झाला नाही तर काट्यावर चिठ्ठी निघणार नाही, चिठ्ठी नाही तर ऊस उतरणार नाही आणि ट्रॅक्टरची रांग हायवेपर्यंत जाईल, हे एडविनलाही कळत होतं. पण खरं सांगायचं तर रांगेपेक्षा त्याला सोमवार जास्त दिसत होता.

शून्याचं कारण त्याला दुपारी सापडलं. सात वर्षांत उघडलेल्या लाखो प्रकरणांपैकी एकही मिटलेलं नव्हतं. भेळ खाऊन लोक निवृत्त झाले, पण भेळ अजून मंजुरीत होती. कारण शेवटच्या टेबलावर 'बंद' हे बटणच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात चेअरमन पुंजाराम तात्यांनी ते काढायला लावलं होतं आणि काढणारा एडविनच होता. नवा होता, वर सांगितलं की करायचा. बटण नाही म्हणून लोक 'पुढे पाठवा' दाबत राहिले. शेवटच्या टेबलाच्या पुढे फक्त चेअरमनसाहेब. म्हणजे कारखान्याचा सात वर्षांचा सगळा कारभार तात्यांच्या खात्यात जाऊन बसला होता, आणि तात्यांनी ते खातं एकदाही उघडलं नव्हतं. त्यांना पासवर्ड दिला होता, पण तोही एक प्रकरण करूनच दिला होता.

एडविन तात्यांच्या केबिनमध्ये गेला.

"तात्या, ते एक बटण परत लावावं लागेल."

"कोनतं?"

"बं…"

"नाव घिऊ नको," तात्या म्हणाले. त्यांनी टेबलावरच्या लाकडाला हात लावला. "ज्या कारखान्यात त्यो शब्द शिरला, तिथं आता भंगारवाले शिरलेत."

हे खरं तर एडविनला ठाऊक असायला हवं होतं. या कारखान्यात दिवे मालवत, पंखे थांबवत, गेट ओढून घेत आणि कँटीन वाढवत. एकदा एक नवा इंजिनियर बैठकीत म्हणून गेला की माझा मोबाईल जरा बंद होता. तो अजून मळीच्या टाक्या मोजतो आहे.

"मग 'पूर्ण' लिहू?"

"पूर्ण झालं म्हंजे उरलं काय?"

"निकाली?"

"निकाल लागला म्हनतेत लोकं."

"समाप्त?"

तात्यांनी दोन्ही हात लाकडाला लावले.

एडविनला आपल्या आतलं काहीतरी हळूहळू उकळतंय असं वाटलं. साखरेला लागतं त्या तापमानाच्या पुढे ते गेलं होतं. तरी त्याने शांतपणे विचारलं, "तात्या, उन्हाळ्यात ऊस सरला की तुम्ही काय करता?"

"सांगता. हंगामाची सांगता करतो. पूजा, नारळ, दोन शब्द."

"मग या प्रकरणांची सांगता करू."

तात्यांचा चेहरा उजळला. "हे ब्येस हाय. सांगता झालेली गोष्ट पुढच्या साली परत सुरू हुती. लाव तसलं बटन." एडविन दारापर्यंत पोचला तोच मागून आवाज आला, "पन सांगता म्हंजे सांगता, बरं का. बोट दाबून हुत न्हाई ती. गुरुजींना सांगतो. बुधवारी घिऊ."

"तात्या, हे कॉम्प्युटरचं काम आहे."

"मग कॉम्प्युटरला पाट ठिवू."

संध्याकाळी बारीकसारीक ठरलं. यंदाची सोडून मागची सगळी प्रकरणं सांगतेला घ्यायची. एडविनचं म्हणणं होतं, जुन्यातली काही अजून कामाची असतील, ती आधी एकेक तपासून बाजूला काढू. तात्यांनी हात वर केला.

"एकाची सांगता केली आन् दुसऱ्याची न्हाई केली, तर उद्या सर्वसाधारण सभेत मला विचारत्याल, हा भेदभाव का? सहकार हाय बाबा. सगळे समान."

"तात्या, ती प्रकरणं आहेत. सभासद नाहीत."

"प्रत्येक प्रकरणामागं सभासद हाय."

याला काही अर्थच नव्हता. एडविन तासभर भांडला आणि शेतकऱ्यांच्या चालू उसाच्या नोंदी तेवढ्या वाचवून घेतल्या. बाकी सगळं सरसकट. ठीक आहे, तो मनाशी म्हणाला, डिस्कवर प्रत राहतेच आहे. लागलं तर परत ओतता येईल. प्रती दोन असाव्यात असा त्याचा नेम होता. म्हणून दोन डिस्क घ्यायला त्याने खरेदीचं प्रकरण उघडलं. स्क्रीनवर आलं : नवीन प्रकरण उघडता येत नाही. जागा शिल्लक नाही.

जागा करायला डिस्क हवी आणि डिस्क मागवायला जागा हवी. एडविन थोडा वेळ खिडकीबाहेर उसाच्या चिपाडांच्या ढिगाकडे बघत बसला. मग घरी बेलापूरला जाऊन स्वतःची डिस्क घेऊन आला. तिच्यात चर्चच्या तरुण संघाचे नाताळचे कार्यक्रम होते, ते त्याने बहिणीच्या लॅपटॉपवर ओतले. तेवढीच एक डिस्क. तेवढीच एक प्रत.

बुधवारी सर्व्हर रूमच्या दाराला झेंडूचं तोरण लागलं. बाहेर मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांमागे फ्लेक्स : 'सर्व प्रकरणांचा भव्य सांगता समारंभ'. फ्लेक्सवर सगळ्या संचालकांचे फोटो होते आणि खाली कोपऱ्यात, छोट्या गोलात, सर्व्हरचा. आतल्या एसीने गुरुजींना शिंका येत होत्या आणि प्रत्येक शिंकेनंतर ते मंत्र मागच्या ओळीपासून धरत होते. सर्व्हरच्या अंगावर शाल घातली गेली. फोटो झाल्यावर एडविन ती काढायला गेला.

"राहू दे," तात्या म्हणाले. "आत गारठा हाय."

"तात्या, गारठा त्याच्यासाठीच आहे."

प्रकरणं डिस्कवर आदल्या दिवशीच उतरून झाली होती. एडविनने ती तपासलीही होती. तात्यांनी डिस्क हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि विचारलं, "सात साल एवढ्यात बसले?" मग त्यांनी ती चौरंगावर ठेवली, कारण सांगता ज्यांची, ते समोर नकोत का? डिस्कला हळद-कुंकू लागलं, लाल कापड लागलं, वर एक फूल आलं. एडविन हात बांधून बाजूला उभा राहिला. त्याच्या घरात पूजा नव्हती. पण यूएसबीच्या तोंडात अक्षता जाऊ नयेत एवढी प्रार्थना त्याने आपल्या पद्धतीने केली.

मग तात्यांनी एंटर दाबलं. पुसण्याचं काम बराच वेळ चाललं आणि तेवढा वेळ तात्यांनी बोट उचललं नाही, कारण उचला असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रीनवरची लाल पट्टी हिरवी झाली. टाळ्या पडल्या. गुरुजींनी उत्तरपूजा केली, डिस्क जागची थोडी हलवली आणि 'पुनरागमनाय च' म्हटलं. एडविनने डिस्ककडे हात नेला.

"आरती हुईस्तवर हलवायची नसती," तात्या म्हणाले. "कुठं पळून चाललीय का ती?"

तेवढ्यात काट्यावरून फोन आला की चिठ्ठी निघते का ते बघायला या. एडविन धावला. चिठ्ठी सटकन निघाली. सात वर्षांत पहिल्यांदा तो प्रिंटर न कण्हता चालला. दुसरी निघाली, तिसरी निघाली. एडविनला इतकं हलकं वाटलं की तो तिथूनच घरी गेला आणि बॅग भरायला बसला.

गुरुवारी सकाळी गेटवरच्या मशीनने त्याच्या कार्डाला लाल दिवा दाखवला. वॉचमन आसारामने मशीनला एक चापट मारली, तरी लाल. "थंडी बाधली असंल," म्हणून त्याने हाताने गेट उघडलं.

वाल्मिक आण्णा चष्मा लावून स्क्रीनसमोर बसले होते. त्यांनी नाव टाकलं, मग आडनाव टाकलं, मग आडनाव आधी आणि नाव नंतर टाकलं.

"भिंगारदिवे असा कुनी न्हाई."

"आण्णा, मी समोर उभा आहे."

"तू उभा हायस. पन रुजू न्हाईस."

काय झालं ते एडविनला लगेच कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. बाकी सगळ्या कामगारांची जुनी कागदी सेवापुस्तकं कपाटात होती. एडविन हा कारखान्याने कागदाशिवाय नेमलेला पहिला माणूस, आणि शेवटचाही; त्याच्यानंतरच्यांना आण्णांनी पुन्हा कागद लावलेच. त्याचं नाव, हुद्दा, पगार, हजेरी, सगळं त्याच्या नेमणुकीच्या प्रकरणाला टांगलेलं. ते प्रकरण सात वर्षांपूर्वीचं. सरसकटात तेही गेलं. शेतकऱ्यांच्या नोंदी त्याने तासभर भांडून वाचवल्या होत्या आणि स्वतः आपण एक जुनं प्रकरण आहोत, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आण्णा, तुमच्या मागे भिंतीवर फोटो आहे बघा. 'पहिली कागदमुक्त नेमणूक'. तात्या मला बुके देतायत."

आण्णांनी मान वळवून फोटो नीट पाहिला. "बुके दिसतोय. नेमनूक कुठं दिसती?"

"माझा राजीनामा तरी असेल ना? तो गेल्या महिन्यातला आहे."

"राजीनामा हाय की. पन कुनाचा हाय ते सिस्टीम सांगंना."

"आण्णा, तुम्ही मला सात वर्षं ओळखता. गेल्या दिवाळीला माझ्या घरचे अनारसे…"

"तुमच्यात अनारसे करतेत?"

"आई करते. तो मुद्दा नाही."

"हे बघ बाळा," आण्णा मायेने म्हणाले, "तुला सोडायला माझी ना न्हाई. पन जो आलाच न्हाई, त्याला सोडू कसा? लेखापरीक्षणात मलाच धरत्याल."

"दहा मिनिटं द्या. डिस्क आहे. माझं प्रकरण परत ओततो."

सर्व्हर रूममध्ये चौरंग नव्हता. तोरण नव्हतं. फरशी अशी लख्ख की कालच्या समारंभाचा एक तांदूळ सापडला नसता. छबूबाई पोछा पिळत होती. वीस वर्षं ऑफिसची झाडलोट तिच्याकडे होती आणि तिच्या हाताखालून काही राहत नाही, अशी तिची ख्याती होती.

"छबूबाई, इथं लाल कापडात एक डबी होती. काळी."

"पूजेतली?"

"हो."

"ती व्हय. निर्माल्यासंगं गेली की."

"गेली म्हणजे कुठे?"

"गंगंला." गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. "उत्तरपूजा झाल्ती. झालेली पूजा रातभर ठिवत न्हाईत, दादा."

एडविन खुर्चीवर बसला. "निर्माल्याच्या कलशात टाकली असेल. कोपऱ्यावर कलश आहे ना नगरपालिकेचा?"

"त्या कलशातलं कोन कुठं नेतंय कुनाला ठाव? सात सालाचा कारभार म्हनं त्यात. मी सोता गेल्ते पुलावर. चांगल्या धारंला सोडली." तिने पोछा बादलीत बुडवला. "वरून पानी सोडलंय, लई वढ हाय."

"तरंगली का?"

"छ्या. लगीच बुडली. गुनाची हुती."

तरी एडविन पुलावर जाऊन आला. पाणी गढूळ, दोन्ही काठ भरून, पैठणच्या दिशेने कारखान्याचा सात वर्षांचा कारभार घेऊन चाललेलं. कठड्याला एक झेंडूचं फूल अडकलं होतं. त्याने तेही खाली टाकलं.

तात्यांकडे गेला तेव्हा तात्या फेटा बांधून बघत होते, दुसऱ्या दिवशीच्या मोळीसाठी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकदाही हसले नाहीत.

"आरं मग अवघड काय त्यात? तुला नव्यानं नेमतो. आत्ताच्या आत्ता. बुके मागवू?"

"आणि सोडणार कधी?"

"नेमनुकीचं प्रकरन उघडलं की त्याची सांगता झाली पाहिजे. त्याबिगर कसं सोडतील आण्णा?"

"मग करा ना सांगता. उद्या करा."

"मोळीच्या दिवशी सांगता?" तात्यांनी पुन्हा लाकडाला हात लावला. "हंगामाच्या तोंडावर एकदा केली ती तुझ्यासाठी. आता सांगता हंगाम सरल्यावर. यंदा ऊस लई हाय. एप्रिल तरी धर."

एडविनने बाहेर येऊन पुण्याच्या कंपनीला फोन लावला. तिकडे दिशा नावाची मुलगी होती. माणसं भरायचं काम तिच्याकडे होतं.

"सर, पत्र मिळालं का? आज अपलोड करायचंय."

"पत्राला थोडी अडचण आहे."

"नोटीस पिरियड?"

"नाही. मी नोकरीलाच नव्हतो असं निघालंय."

पलीकडे टाईप करण्याचा आवाज थांबला. "सर, मग मुलाखतीत सांगितलेला सात वर्षांचा अनुभव?"

"तो आहे. पण पाण्यात आहे."

त्याने तिला सगळं सांगितलं : बटण, सांगता, शाल, छबूबाई. सांगताना हे खोटं वाटतंय हे त्याला स्वतःलाच ऐकू येत होतं.

"सर, असं करूया," दिशा म्हणाली. "त्या पोस्टला पत्राशिवाय नाही घेता येणार. पण सोमवारी फ्रेशरची बॅच सुरू होतेय. फ्रेशरला कार्यमुक्तीचं पत्र लागत नाही."

"पगार?"

"फ्रेशरचा. आणि सर, दोन महिने ट्रेनिंग असतं. डेटाबेस म्हणजे काय, नोंदी कशा काढायच्या, जपून कशा ठेवायच्या. बेसिकच आहे."

समोर यार्डात पहिले ट्रॅक्टर येऊन लागत होते. काटा सुरळीत चालला होता. चिठ्ठ्या सटासट निघत होत्या. इतकं चांगलं काम एडविनने आयुष्यात केलं नव्हतं आणि ते त्याने केल्याचा पुरावा जगात कुठे नव्हता. इथे थांबलो तर एप्रिल, तो मनात म्हणाला, आणि एप्रिलमध्ये सांगतेची डिस्क पुन्हा चौरंगावर.

"सोमवारी किती वाजता यायचं?" त्याने विचारलं.

टेबलातला डबा, चार्जर आणि नाताळात लावायचा कागदी तारा पिशवीत टाकून तो गेटवर आला. कार्ड लावलं. लाल.

"तुमचं कार्ड निघतच न्हाई बघा," आसाराम म्हणाला. "वरून निरोप आलाय, लाल आलं की बाहेरचा मानूस धरायचा. आन् बाहेरच्या मानसाला जायचं असलं तर आधी आल्याची नोंद पाहिजे."

"आसाराम, सकाळी तूच गेट उघडलंस."

"म्या उघडलं. पन नोंद न्हाई ना. लिहा की पटकन, मागं टेम्पो हाय."

एडविनने रजिस्टर ओढलं. नाव लिहिलं. येण्याची वेळ अंदाजाने टाकली. पुढे रकाना होता, कोणाला भेटायचे. त्याने जरा विचार केला आणि तिथेही तेच लिहिलं, एडविन भिंगारदिवे.

आसारामने रजिस्टर स्वतःकडे वळवून वाचलं. रोजच्या सवयीने त्याने विचारलं, "भेटले का?"

"नाही," एडविन म्हणाला. "आत चौकशी केली. असा कोणी नाही म्हणतात."

"मग फोन करून यायचं हुतं," आसाराम म्हणाला आणि त्याने गेट उघडलं.